नाव आमचं, स्पेलिंगची उठाठेव जगाला

मुलीचं नाव ऋता. इंग्रजीत आम्ही आर-यू लिहितो, कारण मराठी तोंडात ऋ म्हणजे रु. शेवटी दोन ए, कारण आ दीर्घ आहे. झालं, एवढ्यावर प्रत्येकाला प्रश्न! "न्यूमरॉलॉजी का?" "आर-आय हवं ना?" अहो, हिंदीत ऋ 'रि' होतो म्हणून तिकडे आय लिहितात. आम्ही का लिहायचं?

आणि मुळात रोमनमध्ये अक्षरं 26. त-ट, द-ड, न-ण यांना त्यात वेगळी जागाच नाही. मग 'बरोबर' स्पेलिंग ठरवणार कोण?

प्रश्न एकवेळ सोडून देईन. पण न विचारता 'दुरुस्त' करणारे! फॉर्मवर स्वच्छ लिहून दिलेलं असतं, तरी प्रमाणपत्रावर एक ए गायब. जन्मदाखल्याशी जुळत नाही म्हणून मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे आमच्या माथी.

सगळ्यात संताप येतो तो मुलीसमोर हसतात तेव्हा. "आईबाबांनी काय करून ठेवलंय तुझ्या नावाचं!" ती गप्प होते हो. मोठ्या माणसांना कळू नये हे? स्पेलिंग नवं वाटलं तर तिलाच विचारा, छान सांगते ती. आणि तिने सांगितलं तसंच लिहा.