आकडेवारीवरून निर्णय घेणाऱ्यांसाठी काही सूचना

आपण तालुक्याचे अधिकारी असाल, बँकेचे व्यवस्थापक असाल, जिनिंगचे मालक असाल किंवा दवाखान्याचा कारभार पाहत असाल, तर प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची जुनी खोड आपण आता सोडून द्यावी, अशी नम्र विनंती आहे. डेटाचे विश्लेषण करून निर्णय घेण्याचे युग आले आहे आणि ते आमच्या महसूल मंडळापर्यंत पोहोचल्याचा पुरावा मला नुकताच मिळाला. त्या जोरावर पुढील सूचना करीत आहे.

पहिली सूचना अशी की, मोजमाप नुकसान झाले तिथे करू नये, सोयीचे असेल तिथे करावे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा निकष आहे आणि तो पाऊस मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावर मोजला जातो. मंडळात गावे अनेक, केंद्र मात्र एक. आमच्या वावरात त्या रात्री नाल्याने धुरा फोडला, शेंगा भरत आलेले सोयाबीन गाळाखाली आडवे झाले आणि उताराकडची माती मुरूम उघडा पडेपर्यंत खरडून गेली. अतिवृष्टीच्या यादीत गावाचे नाव नाही म्हणून विचारायला गेलो, तर साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. 41 मिलिमीटर. "निकषात बसत नाही, काका," असे ते अतिशय सौजन्याने म्हणाले. मोबाइलमधले फोटो त्यांनी पाहिले नाहीत, कारण फोटोला मिलिमीटर नसतात.

परतताना ते केंद्र पाहून आलो. पर्जन्यमापकापासून कोणताही अडथळा निदान त्या अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावा, हे हवामानशास्त्रातले साधे पथ्य आहे. इथे कडुलिंबाची फांदी कुंपणावर आलेली, नरसाळ्यात कुजलेला पाला आणि त्यावर पाखरांची विष्ठा. अशा यंत्रात नरसाळ्यातून उतरलेले पाणी एका इवल्याशा पात्रात साचते, पात्र भरले की कलंडते आणि ते किती वेळा कलंडले यावरून पाऊस ठरतो. नरसाळे तुंबले की पात्र कलंडत नाही, आणि पात्र कलंडले नाही म्हणजे आमचे वावर खरडून गेलेलेच नसते! बरे, यंत्र लखलखीत असते तरी काय झाले असते? विजा कडकडून येणारा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि चार किलोमीटरवर रस्ता कोरडा असतो, हे ज्या पोराने गुरे चारली आहेत त्यालाही ठाऊक आहे. तुम्हाला ते ठाऊक नाही? की ठाऊक असूनही पडदा वळवण्यातच सोय आहे? असो, मी सूचना देत होतो.

पीक विमा ठरवताना उंबरठा उत्पादन काढावे, म्हणजे पीक ज्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते तो आकडा. मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घ्यावी आणि तिच्या 70 टक्के धरावेत. सातांत दोन वर्षे बुडाली तर ती गळून जातात. तिसरे बुडाले की ते सरासरीत शिरते, उंबरठा खाली येतो आणि जो वारंवार बुडतो त्यालाच भरपाई मिळणे अवघड होत जाते. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला, 2025 मध्ये तो गेला आणि जाताना आपल्याच वावराचे नुकसान कळवून भरपाई मागण्याची वाटही बंद करून गेला. आता मंडळातील पीक कापणी प्रयोगांत, म्हणजे निवडक वावरांतले पीक कापून केलेल्या मोजणीत, जे उत्पन्न निघेल, तेच तुमचेही समजावे.

जिनिंगवाल्यांनी कापसाचा ओलावा आपल्याच यंत्राने मोजावा आणि त्या यंत्राची तपासणी कोणी मागणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

शाळेचा पट घसरला की शाळा बंद करावी. तो का घसरला, हे हजेरीपटावर लिहिलेले नसते.

आरोग्य केंद्राने औषधांची मागणी मागील वर्षाच्या नोंदवहीवरून करावी. सर्पदंशाचे रुग्ण कमी दिसले तर प्रतिविष कमी मागवावे. प्रतिविष नाही हे कळल्यावर लोक रुग्णाला घेऊन परस्पर जिल्ह्याला जातील, नोंद आणखी घटेल आणि मागणी आपोआप शून्यावर येईल.

हे सगळे गमतीने लिहायचे ठरवले होते, ते आता जमत नाही. तुम्हाला डेटा कळत नाही, तुम्हाला फक्त त्याच्या आड उभे राहता येते. बंगालमध्ये तागाचे क्षेत्र मोजताना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस एकाच भागात दोन वेगळ्या तुकड्या स्वतंत्रपणे पाठवत, म्हणजे मोजणीतली चूक किती हे कळावे. पां. वा. सुखात्मे आणि पानसे या संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणीचे वावर कोणाच्या मर्जीने नव्हे, तर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, निवडण्याचा आग्रह धरला. ही माणसे आधी स्वतःच्याच आकड्यावर संशय घेत होती. तुम्ही संशय घेता तो आमच्यावर.

नरसाळे शेवटचे कधी साफ केले, ती तारीख केंद्राच्या फाटकावर लिहा. गावागावांत साधे पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आकडा आणि वावर यांचे जुळत नसेल तर वावरात या आणि पंचनामा करा, त्याचाच तुम्हाला पगार मिळतो. तेवढे होत नाही तोवर आमच्या अर्जाच्या उत्तरात "उपलब्ध आकडेवारीच्या आधारे" असे लिहू नका. "आम्ही पाहायला आलो नाही" असे लिहा आणि खाली सही करा.