अनुशेषाला तारीख कुठाय?

रविवारी घरी फोन लावला की तो सगळ्यांच्या हातांतून फिरतो. परवा आधी भाचा बोलला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाज पार पडलेला. "आत्या, एम-थ्रीचा बॅक राहिला." म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपराचा बॅकलॉग, नापास. मग फोन दादाकडे गेला. तो टीव्हीवरची चर्चा अर्धी सोडून आलेला, आणि तापलेला. "मराठवाड्याचा बॅकलॉग कवा भरायचा गं ह्यांनी? आपण मेल्यावर?" फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाऊन संगणकावर पहिली यादी उघडली. तिचंही नाव बॅकलॉगच.

मी उत्तर इंग्लंडमध्ये लीड्सच्या जवळ राहते आणि एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी सांभाळते. माहेर बीड जिल्ह्यात, गेवराईच्या बाजूला. एकच शब्द आमच्या तिघांच्या तोंडी तीन अर्थांनी आहे, आणि त्यातल्या दादाच्या अर्थाबद्दल मला बरेच दिवस काही म्हणायचं होतं.

हा शब्द मुळात विस्तवापाशी जन्मला. सतराव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातल्या भिंतीतल्या शेगडीत, अगदी मागच्या बाजूला एक जाड ओंडका ठेवत, तो बॅकलॉग. पुढची लाकडं भरभर जळून जायची, मागचा ओंडका रात्रभर धुमसत ऊब धरायचा. पुढं त्याचा अर्थ राखीव साठा असा झाला, आणि मग हाती घेतलेलं पण अजून न झालेलं काम. विमानं बांधणाऱ्या कंपन्या आजही आपला बॅकलॉग अभिमानानं सांगतात, कारण त्यांच्या लेखी ती पुढच्या कित्येक वर्षांच्या कामाची हमी असते. माझी आजी थंडीत शेकोटीत बाभळीचं खोड असंच मागं सारून ठेवायची, पहाटे त्यातूनच निखारा काढायची. ती वस्तू आमच्याकडंही होती.

मराठीत आपण त्याला अनुशेष म्हटलं. शब्द सुरेख आहे, पण त्यात शेष आहे. शेष म्हणजे बाकी, हिशेब करून खाली उरते ती. इंग्रजी शब्दातलं न झालेलं काम मराठीत उरलेली रक्कम झालं. मला वाटतं आपल्या प्रादेशिक अनुशेषाची सगळी चर्चा या एका वळणावर रुळावरून घसरली.

कुठला भाग किती मागं आहे हे मोजायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये समिती नेमली गेली आणि 1984 मध्ये तिचा अहवाल आला. पद्धत अशी होती की सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं, आणि तिथवर यायला किती पैसे लागतील ते मांडायचं. सगळ्या राज्याचा अनुशेष निघाला 3,186 कोटी 78 लाख रुपये, त्यात मराठवाड्याचा 750 कोटी 85 लाख. पुढं 1995 मध्ये निर्देशांक व अनुशेष समिती आली. तिनं 1 एप्रिल 1994 ची स्थिती धरून राज्याचा आकडा 14,006 कोटी 77 लाख काढला, मराठवाड्याचा 4,004 कोटी 55 लाख. दहा वर्षांत मराठवाड्याचा आकडा पाच पटींहून अधिक. त्यात महागाई किती आणि प्रत्यक्ष मागं पडणं किती, हे पैठणच्या पलीकडच्या शेतकऱ्याला आकड्याकडं बघून कसं कळावं?

दांडेकरांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या आधी मराठवाड्याकडं फक्त तक्रार होती, त्यांनी तिला पुरावा दिला. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातली पोरं जे ओरडून सांगत होती ते कागदावर आलं. पण पुरावा रुपयांत मांडला गेला आणि मग उत्तरंही रुपयांतच येत राहिली. 2016 मध्ये मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादला झाली तेव्हा 49 हजार कोटींच्या वरचं पॅकेज जाहीर झालं. 2023 मध्ये त्याच शहरात, तोवर छत्रपती संभाजीनगर झालेल्या, पुन्हा बैठक झाली, पुन्हा 45 हजार कोटींच्या वर. दादाला हे दोन्ही आकडे पाठ आहेत. त्यातलं आपल्या गावाला काय आणि कधी, हे त्याला सांगता येत नाही. मराठवाडा, विदर्भ अशा प्रदेशांसाठीच्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, ती पुन्हा आणा अशी मागणी सारखी होते. आणावीत. पण ती पुन्हा कोटीच मोजणार असतील तर दादाच्या हाती काय पडणार?

आता माझ्या टेबलावरचा बॅकलॉग सांगते. यादीच्या प्रत्येक ओळीवर एक माणूस असतो. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी रुग्णालयाला मिळाली त्या दिवशी त्याचं घड्याळ सुरू होतं. आम्ही तसंच म्हणतो, घड्याळ सुरू झालं, घड्याळ थांबलं. उपचार सुरू झाले की थांबतं. शंभरातल्या 92 जणांवर 18 आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे. 2016 पासून देशभराचा विचार केला तर तो पाळला गेलेला नाही, आणि सप्टेंबर 2023 मध्ये इंग्लंडची यादी 77 लाखांच्या वर गेली होती. तेव्हा इथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. कागदोपत्री घड्याळ थांबवण्याच्या वाटाही असतात, त्या मला रोज दिसतात, आणि त्यावरून मी वरिष्ठांशी भांडलेही आहे. तरी एक गोष्ट पक्की आहे. सोमवारी कुणी गुडघा धरून फोन केला आणि विचारलं, "माझे किती आठवडे झाले?" तर मला उत्तर देता येतं. "एकतीस." त्या बाईला राग येतो, तिचा राग खरा असतो, आणि तो मोजलेल्या गोष्टीवर उभा असतो. दर महिन्याला हे आकडे जाहीर होतात आणि मंत्र्याला त्यावर बोलावं लागतं.

ही काही परदेशातून आणायची युक्ती नव्हे. भाच्याचा बॅक बघा. त्याला विषयाचं नाव आहे, परीक्षेची तारीख आहे, फॉर्म भरायची मुदत आहे. सरकारी नोकरीतला राखीव जागांचा अनुशेष बघा. बिंदुनामावलीत, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या तक्त्यात, कुठला बिंदू कुणाचा आणि तो रिकामा आहे का, हे दाखवता येतं, म्हणूनच ती भरती व्हावी म्हणून पोरं मोर्चे काढू शकतात. आपल्याच भाषेत हा शब्द दोन ठिकाणी माणसाला आणि तारखेला धरून आहे. फक्त प्रदेशाचा प्रश्न आला की तो कोटींत विरघळतो.

बीडच्या रेल्वेचंच घ्या. रेल्वे केंद्राचा विषय, त्यामुळं अनुशेषाच्या तक्त्यात ती कधी बसलीच नाही, पण बीडच्या माणसाच्या मनात अनुशेष म्हणजे तीच. अहमदनगर-बीड-परळी मार्ग, 261 किलोमीटर, 1995 मध्ये मंजूर. बाबा दरवर्षी म्हणायचे, पुढच्या दिवाळीला रेल्वेनं जाऊ. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा दादानं स्टेशनवरून व्हिडिओ कॉल केला. गर्दीत त्याचा चेहरा धड दिसत नव्हता. बाबा तोवर गेले होते. मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात तीस वर्षं गेली, आणि ती तीस वर्षं कुठल्याही समितीच्या कुठल्याही रकान्यात नाहीत.

लीड्सचे लोकही असेच वाट बघतात, हे मला इथं येऊन कळलं. ट्रामला 2001 मध्ये मंजुरी मिळाली, 2005 मध्ये ती रद्द झाली. लंडनकडून येणार असलेला वेगवान रेल्वेमार्ग 2021 मध्ये लीड्सच्या आधीच थांबवायचं ठरलं. देशाच्या राजधानीपासून दूर राहणाऱ्यांचं दुखणं इकडंही तेच आहे, आणि ते ऐकताना मला परकं वाटत नाही.

मला कुणी म्हणेल, अर्थसंकल्प रुपयांत असतो, मग मागणी आठवड्यांत कशी करायची? दोन्ही करा. निधी रुपयांतच मागा. पण त्याच्या शेजारी वाट बघणाऱ्यांची यादी ठेवा. टँकरची मागणी कुठल्या तारखेला गेली, पाणी कुठल्या तारखेला पोचलं. कालव्यासाठी जमीन कधी घेतली, त्या चारीत पाणी कधी आलं. शेतकऱ्यानं कृषिपंपाच्या वीजजोडणीचं कोटेशन कधी भरलं, जोडणी कधी मिळाली. या शेवटच्या गोष्टीला तर आपल्याकडं सरकारी नावसुद्धा आहे, पेड पेंडिंग. पैसे भरले आणि काम राहिलं. प्रत्येकाच्या घरी पावती आहे, पावतीवर तारीख आहे. म्हणजे घड्याळ सुरू करायला लागतं ते सगळं आहे. जिल्ह्या-जिल्ह्याप्रमाणं, महिन्याच्या महिन्याला, सर्वांत जुनी पावती किती आठवड्यांची आहे एवढंच छापा. बीडचं, हिंगोलीचं, पुण्याचं, शेजारी शेजारी.

हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "थांब." भिंतीतल्या कपाटाचं दार वाजलं. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतली आपली कोटेशनची पावती काढली, फोटो पाठवला. शाई फिकट झाली आहे, पण तारीख वाचता येते. मी सवयीप्रमाणं मोजलं आणि कळवलं: 143 आठवडे.

थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला. शेजारच्या तिघांच्या पावत्यांचे फोटो होते, आणि खाली लिहिलं होतं, "ह्यांचंही मोज."