जेनेसिसचा पहिला अल्बम: दोष कप्प्याचा नव्हता

‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हेलेशन’बद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: 1969 साली जेनेसिस या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आला, नाव वाचून दुकानदारांनी तो धार्मिक रेकॉर्डच्या कप्प्यात टाकला, म्हणून जेमतेम 650 प्रती खपल्या आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताची) एक अजोड कलाकृती मातीत गेली. सोबत बहुतेक वेळा बँडचा पुढचा ड्रमर आणि गायक फिल कॉलिन्सचा फोटो. किस्सा चटकदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. पंचाईत ‘म्हणून’ या शब्दाची आहे.

फोटोचं आधी उरकून टाकू. फिल कॉलिन्स बँडमध्ये आला ऑगस्ट 1970 मध्ये. या अल्बमवर ड्रम वाजवलेत जॉन सिल्व्हरने. त्याच्याआधी, सुरुवातीच्या काळात, ख्रिस स्ट्युअर्ट होता. गिटारवर नंतर आलेला स्टीव्ह हॅकेट नाही, अँथनी फिलिप्स. बाकी पीटर गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफोर्ड. सिल्व्हर सोडला तर सगळी चार्टरहाऊस या निवासी शाळेची पोरं, रेकॉर्डिंगच्या वेळी 16 ते 18 वर्षांची.

आता कप्पा. मराठी बायबल उघडलं तर पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’ आणि शेवटचं ‘प्रकटीकरण’. अल्बमचं नाव नेमकं तेच. वर कव्हर कसं? काळं कुळकुळीत, त्यावर जुन्या वळणाच्या सोनेरी अक्षरांत फक्त अल्बमचं नाव. बँडचं नाव नाही, फोटो नाही. अमेरिकेत जेनेसिस नावाचा दुसरा बँड असल्याचं कळल्यावर नाव कव्हरवरून गाळायची तडजोड झाली. असलं कव्हर पाहून एखाद्या दुकानदाराने ते स्तोत्रांच्या शेजारी ठेवलं तर त्याला हसण्यात अर्थ नाही. गाण्यांतही सृष्टीची सुरुवात आणि साप आहेतच. इथवर मजकूर बरोबर.

पण मग सिंगल्सचं, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्डींचं काय? अल्बमच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी 1968 मध्ये, अल्बम काढणाऱ्या डेका कंपनीनेच ‘द सायलेंट सन’ काढलं. मे महिन्यात ‘अ विंटर्स टेल’. दोन्हींच्या लेबलवर जेनेसिस हे नाव स्वच्छ छापलेलं होतं आणि शीर्षकांत बायबलचा वासही नव्हता. दोन्ही पडली. अल्बमनंतर जून 1969 मध्ये ‘व्हेअर द सावर टर्न्स टू स्वीट’ आलं, तेही पडलं. चुकीच्या कप्प्याने तीन सिंगल्स मारता येत नाहीत.

बिननावाच्या कव्हरनेच घात केला असं म्हणावं, तर त्याच डेका कंपनीने 1964 साली रोलिंग स्टोन्सचा पहिला अल्बम काढला होता. त्याच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव होतं ना अल्बमचं, नुसते पाच चेहरे. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ऑक्टोबर 1969 मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला. पुढच्या बाजूला फक्त किंचाळणारा चेहरा, अक्षर एक नाही. तो पाचवा. चेहरा आणि काळा पुठ्ठा यांत फरक आहे, मान्य. पण खरा फरक दुकानाबाहेरचा होता. अल्बम येण्याआधीच किंग क्रिमसन जुलैमध्ये हाइड पार्कात स्टोन्सच्या कार्यक्रमात अफाट गर्दीपुढे वाजवून आला होता. त्याचं कव्हर कोरं असलं तरी मागणारा गिऱ्हाईक नाव घेऊन येत होता. जेनेसिस तेव्हा रंगमंचावरचा बँडच नव्हता. गाणी लिहायची आणि टेपवर नोंदवायची, एवढंच त्यांचं काम. जाहीर कार्यक्रम 1969च्या शरदात सुरू झाले, म्हणजे अल्बम येऊन सहा महिने झाल्यावर. दुकानात जाऊन ‘जेनेसिसचा अल्बम द्या’ म्हणणार कोण होतं?

650चा आकडा. मूळ आकडा 649 आहे, तो बँडच्याच सांगण्यातून आला आणि तो साधारण पहिल्या वर्षाचा खप आहे. ‘आजवर एवढ्याच प्रती’ हे साफ चूक. हक्क निर्माता जोनाथन किंगकडे राहिले आणि बँड मोठा झाल्यावर हीच गाणी पुन्हा पुन्हा बाजारात आली, कधी ‘इन द बिगिनिंग’ अशा निराळ्या नावानेही. त्यामुळे जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ‘दुर्मिळ जेनेसिस’ दिसलं की आधी गाण्यांची यादी ताडून पाहा. मूळ डेका छपाईचा क्रमांक स्टिरिओसाठी एसकेएल 4990, मोनोसाठी एलके 4990.

राहता राहिली ‘अजोड कलाकृती’. इथे मजकुराची दुसरी आवृत्ती भेटते: बँडने भारी काम केलं होतं, जोनाथन किंगने व्हायोलिनं घालून वाट लावली. हे मात्र घरबसल्या तपासता येतं. ऑगस्ट 1968 मध्ये रिजंट साऊंड स्टुडिओत बँडचं वाजवून झालं आणि मागाहून, त्यांना न विचारता, आर्थर ग्रीन्सलेडने बांधलेले तंतुवाद्यांचे आणि ब्रासचे भाग चढवले गेले. फिलिप्स भयंकर चिडला होता. पण स्टिरिओ मिश्रण करताना बँड एका बाजूला आणि हा ताफा दुसऱ्या बाजूला ठेवला गेला. म्हणजे बॅलन्सचं बटण बँडच्या बाजूला पूर्ण फिरवलं की व्हायोलिनं बरीचशी गळतात. पथ्यं दोन: स्टिरिओ आवृत्तीच घ्या, कारण मोनोत दोन्ही एकजीव झालेलं असतं, आणि हेडफोन लावा, फोनमधलं ‘मोनो ऑडिओ’ बंद ठेवा. एकच स्पीकर असलेल्या ब्लूटूथ डब्यावर हा प्रयोग करून ‘काही फरक नाही’ म्हणू नका, तो डबा दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतो. एवढाही खटाटोप नको असेल तर 1998च्या ‘आर्काइव्ह 1967–75’ संचात काही गाणी व्हायोलिनांशिवाय आहेत.

पडदा बाजूला केल्यावर ऐकू काय येतं? बँक्सचा ठाम पियानो, फिलिप्स-रदरफोर्डच्या गिटारी, आणि वयाच्या मानाने थक्क करणारा गेब्रिएलचा घोगरा गळा. ‘इन द विल्डरनेस’चं धृपद तर डोक्यातून जात नाही. व्हायोलिनांनी नुकसान केलं हे खरंच, विशेषतः शांत गाण्यांचं. पण खाली दडलेलं प्रोग्रेसिव्ह रॉक नाही. तेरा गाणी, एकही पाच मिनिटांचं नाही, ताल सरळ, कडवं-धृपद-कडवं. ‘द सायलेंट सन’ तर किंगला खूश करायला बी जीज या पॉप बँडच्या वळणावर बेतलेलं. हा नवशिक्यांचा, जागोजागी गोड लागणारा पॉप अल्बम आहे; त्याला कलाकृतीचा मुकुट चढवला की त्यातलं जे चांगलं आहे तेही ओशाळतं.

कप्प्याचा सिद्धांत खरा असता तर दुसऱ्या अल्बमला अडचण यायला नको होती. सरे परगण्यातल्या वॉटन इथल्या घरात सगळे एकत्र राहिले, महिनोन्महिने तालीम केली, कार्यक्रम केले, कंपनी बदलून करिझ्मा धरली. ऑक्टोबर 1970 मध्ये ‘ट्रेसपास’ आला. सहाच गाणी, बहुतेक सात मिनिटांच्या आसपास, कव्हरवर बँडचं नाव. तरीही तेव्हा तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत शिरला नाही. पुढच्या वर्षी ‘नर्सरी क्राइम’, तोही नाही. यादीत नाव लागायला ‘फॉक्सट्रॉट’पर्यंत थांबावं लागलं: 1972, बारावा क्रमांक.