डॉक्युमेंटेशनचा हौद

आमच्या मराठवाड्यात नळाला पाणी आलं की माणूस आधी भांडी भरतो, तहान लागलीय का ते मग बघतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर काही विचारूच नका. गच्चीवर टाकी, अंगणात हौद, मोरीत ड्रम, ड्रमवर झाकण, झाकणावर दगड. आणि याच घरातला प्रोग्रामर डॉक्युमेंटेशन, म्हणजे भाषा आणि साधनं कशी वापरायची ते सांगणारी पानं, मात्र थेट नळाला तोंड लावून पितो! लागेल तेव्हा ब्राउझर उघडायचा, बस. मला हे कधीच पटलेलं नाही.

कारण आमच्याकडं लाईट जाते. लॅपटॉप दोन तास तग धरतो, राउटर दोन सेकंदही नाही. हॉटस्पॉट लावावं तर थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. आधी उघडलेलं पान तेवढं वाचायला उरतं. पण बोटाची खोड जात नाही. पान ताजं करायचा एफ-फाईव्ह दाबला जातो आणि पानाच्या जागी क्रोमचा डायनासोर येऊन उभा राहतो. मग बसा निवडुंग चुकवत. घरातले विचारतात, "लाईट नाही, मग काय टकटक करायलास रे?"

अशा वेळी टर्मिनलमधली, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतली, मॅन पेजं कामाला येतात; मशीनमध्येच ठेवलेली मॅन्युअलची पानं ही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं, ती घडवणाऱ्या थॉम्प्सन आणि रिची यांच्या हातचं. तलाठ्यासारखा स्वभाव: विचाराल तेवढंच सांगणार, आणि विचारायचं कसं ते तुम्हाला आधीच ठाऊक पाहिजे. 'मॅन प्रिंटएफ' म्हटलं की शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची, कमांड पुढं येते. सी भाषेतलं फंक्शन हवं तर 'मॅन ३ प्रिंटएफ'. नावच आठवत नसेल तर 'मॅन डॅश के' आणि जवळपासचा एखादा शब्द. 'मॅन सीडी' म्हणाल तर उबुंटू लिनक्स हात वर करतो, कारण सीडी ही फोल्डर बदलायची कमांड बॅश या शेलच्याच पोटातली. तिला 'हेल्प सीडी'. पानात एखाद्या कमांडचा डॅश आर (-r) हा पर्याय नुसताच शोधला तर ते कशाच्याही शेपटीला सापडतं. स्लॅश, कॅरेट, स्पेस, स्टार आणि मग डॅश आर (/^ *-r) असं टाका, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचंच सापडेल. डॉकरच्या, म्हणजे प्रोग्राम डबाबंद करून चालवणाऱ्या साधनाच्या, हलक्या इमेजमध्ये मात्र ही पानं बहुधा नसतातच; भाड्याच्या खोलीतून मालकानं पंखा काढून न्यावा तसं.

हौदातलं पाणी सगळ्याला पुरत नाही, हेही कबूल. समजा पायथन भाषेत यादीतल्या नावांपुढचा 'जि. ' काढायचाय. पायथनचं स्वतःचं 'हेल्प' मारलं, एलस्ट्रिप नावाचं फंक्शन सापडलं. दिलेली अक्षरं डावीकडून काढतो, असं एका ओळीत लिहिलेलं. लावलं. 'जि. परभणी'चं 'परभणी' झालं, बीड, नांदेड, लातूर, हिंगोली, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, सगळी झकास. आठ जिल्ह्यांपैकी सात बरोबर, म्हणजे काम झालं म्हणायचं. आठवा जालना. त्याचं झालं 'ालना'! एलस्ट्रिपला 'जि. ' हा तुकडा दिसतच नाही. ज, वेलांटी, टिंब आणि स्पेस अशी चार सुटी चिन्हं दिसतात, आणि त्यांतलं कोणतंही समोर आलं की ते खात सुटतं. जालन्याचा ज गेला, काना पोरका झाला.

ही गोष्ट ऑनलाइन डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासकट समजावलेली आहे, शिवाय सुरुवातीचा अख्खा तुकडा काढणारं 'रिमूव्हप्रीफिक्स' वापरा असा उपायही. तो उपाय पायथन ३.९ पासूनचा. सर्व्हरवर ३.८ असेल तर 'असलं काही इथं नाहीच' म्हणणारी ॲट्रिब्यूट एरर, आणि वर आपलाच संताप: डॉक्युमेंटेशनमध्ये तर लिहिलंय की! लिहिलंय, पण पान नव्या आवृत्तीचं आहे. आवृत्ती बदलायची यादी वरच्या कोपऱ्यात असते, तिच्याकडं बघतो कोण? 'हेल्प' थोडंच बोलतं, पण आपल्या मशीनमध्ये जे आहे त्याबद्दलच बोलतं.

म्हणून नळ चालू असतानाच भरून घ्यावं. पायथनचं सगळं डॉक्युमेंटेशन एचटीएमएलच्या झिपमध्ये उतरवता येतं. आपल्या आवृत्तीचंच उतरवा. 'पायथन डॅश एम पायडॉक डॅश बी' म्हटलं की मशीनमधल्या मॉड्यूल्सची माहिती नेटशिवाय ब्राउझरात उघडते. रस्ट भाषावाल्यांना 'रस्टअप डॉक'. डॉक्युमेंटेशन उतरवून ठेवणारी ॲपही आहेत: लिनक्स किंवा विंडोजवर झील, मॅकवर 'डॅश' नावाचंच. कुणी जुनी सीएचएम फाइल, म्हणजे विंडोजची मदतफाइल, दिली आणि उजवी बाजू कोरी दिसली, तर फाइल खराब नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक करा, विंडोजनं बाहेरची म्हणून अडवून ठेवलीय.

एवढं करूनही लाईट आली, राउटरचे दिवे लुकलुकले की सगळे ब्राउझरकडंच धावतात. टर्मिनलमध्ये मॅन पेज उघडंच असतं. त्यातून बाहेर कसं पडायचं, हेही मग ऑनलाइनच शोधलं जातं. त्या पानाच्या तळाशी मघापासून लिहिलेलं असतं: क्यू दाबा.