ओरिजिनल मिक्स

"काका, तुमच्या गाण्यात बेसच नाय!" डीजेवाल्या पोराने हे वाक्य माइक चालू ठेवून उच्चारलं. मांडवातल्या दोनशे माणसांपैकी निम्मी हसली आणि उरलेल्यांना हसणाऱ्यांनी समजावून सांगितलं. गाणं माझं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी रेकॉर्ड झालेलं ते एक भावगीत. पण तेव्हापासून पाहुणे पांगेपर्यंत मी 'ते बेस नसलेले काका' होतो.

झालं होतं इतकंच की, भाचीच्या हळदीला नवऱ्या मुलाच्या आजींनी एक गाणं लावायला सांगितलं. आमच्याकडे 'गाण्यातलं आणि साउंडमधलं कळणारा' म्हणून माझी ख्याती असल्याने मला पिटाळण्यात आलं.

डीजेवाला म्हणजे विशीतलं पोरगं. अंगात स्वतःचंच नाव छापलेला टी-शर्ट, पुढ्यात स्टिकरांनी मढलेला लॅपटॉप, मागे अठरा इंची स्पीकरांच्या दोन थप्प्या. नाव सांगत नाही, कारण तो मुलाकडच्यांच्या नात्यातला निघाला आणि आम्हाला निदान बारशापर्यंत तरी संबंध टिकवायचे आहेत. मी गाण्याचे पहिले दोन शब्द सांगितले. त्याने ते टाइप केले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"हे घ्या काका. हलगी मिक्स. संबळ मिक्स. साउंड चेक हाय गेन. आणि हे एक अनरिलीज्ड हाय, दुसऱ्या कुणाकडं नाय."

"साधं नाही का?"

"साधं म्हंजे?"

"मूळ गाणं. ओरिजिनल."

"मग तसं सांगा की!" त्याने खाली स्क्रोल केलं. "हे बघा. ओरिजिनल मिक्स."

माझ्या गाडीत पेनड्राइव्ह असतो आणि त्यात या गाण्याची स्वच्छ, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल आहे. ती आणून दिली. पोराने हेडफोनची एक बाजू कानाला लावली, डोळे मिटले. हळूहळू कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"इंट्रो लई मोठा हाय काका. चाळीस सेकंद नुसती सतार. तोवर पब्लिक जेवायला उठतंय."

"पुढे ऐक."

"ड्रॉप कुठं येतो?"

"ड्रॉप नाहीये त्यात."

"मग लोकांनी उड्या कधी मारायच्या?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कवीकडेही नसतं. गाणं विरहाचं आहे.

तेवढ्यात मुलाचे मामा आले. काय चाललंय ते न विचारता त्यांनी "वाजव रे, वाजव" असं म्हटलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेले. प्रत्येक लग्नात एक माणूस एवढ्याच कामासाठी बोलावलेला असतो.

पोरगं अजून ऐकत होतं. मग त्याने हेडफोन काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, ह्यात बाईंचा आवाज असा का?"

"असा म्हणजे कसा?"

"जाड वाटतोय. आपल्याकडं हाय त्यात बारीक हाय." तो थांबला आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "कळलं! हे कुणीतरी स्लो करून टाकलंय. स्लोड-रिव्हर्ब. हल्ली पोरं टाकतात इन्स्टाला. पण ह्यानं रिव्हर्ब द्यायचं राहिलंय." मग अगदी आपुलकीने, "पैसे देऊन घेतलं असंल तर परत मागा."

आणि त्यानंतर माइक उचलून ते वाक्य.

झोंबतं ते हे की, त्याच्या कानाने त्याला फसवलेलं नव्हतं. मूळ गाण्याची लय मिनिटाला साधारण १०० ठोके. हळदीचा मिक्स चालतो १२८ ला. 'की लॉक', म्हणजे वेग बदलला तरी पट्टी धरून ठेवणारी सोय, न लावता गाणं नुसतं पळवलं तर लयीबरोबर सूरही चढतो. २८ टक्के वेग म्हणजे चार स्वरांतरांहून थोडं जास्त, म्हणजे पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी तीनच्याही किंचित वर जाऊन बसतं. हार्मोनियमवर सापडणार नाही अशा पट्टीत. त्या पोराने ती गायिका आयुष्यभर याच पट्टीत ऐकलेली. त्याच्या लेखी माझ्या फाइलमधली बाई खरोखरच जाड आवाजाची होती.

'की लॉक' लावला तर पट्टी जागेवर राहते, पण दहा-बारा टक्क्यांपलीकडे ताणल्यावर ते तंत्र उघडं पडतं. लांबवलेला स्वर थरथरतो आणि शब्दाच्या तोंडाशी असलेले क, ट, प दोनदा ऐकू येतात. 'पहाट' ऐवजी 'प्पहाट'. नाचणाऱ्याला चालतं. आजींना चालत नाही.

बरं, पळवायचं तर नीट पळवा. जुनी गाणी वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेली आहेत, कानात टिकटिक लावून नव्हे. मुखडा १०० ला सुरू होतो, तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत रंगात येऊन १०३ होतो. हे तीन ठोके किरकोळ वाटतात, पण म्हणजे दर वीस सेकंदांना गाणं एका पूर्ण ठोक्याने पुढे सरकतं. जाणता मिक्सवाला दर दोन-चार आवर्तनांनी समेवर खूण ठोकतो आणि मधला भाग तेवढाच ताणतो. कंटाळवाणं काम आहे, एका गाण्याला अख्खी संध्याकाळ जाते. आळशी मिक्सवाला पहिल्या ठोक्यावर एक खूण लावतो आणि देवावर सोडतो. दुसऱ्या अंतऱ्यात बाई एकीकडे आणि हलगी दुसरीकडे होते ती यामुळे. त्यात गाणं दादऱ्यात असलं तर विचारूच नका. दादऱ्याच्या सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. त्या दोन भागांवर एकेक किक, म्हणजे जाड ठोका, ठेवली आणि मधलं हाय-हॅट, म्हणजे झांजेची टिकटिक, तीनच्या पटीत ठेवलं तर छान बसतं. पण तयार लूप, म्हणजे फिरत राहणारे तालाचे तुकडे, मिळतात ते चारच्या पटीतले. मग एकतर शब्द कापतात, नाहीतर मध्ये "पुट युवर हँड्स अप" घालून दोन मात्रा भरून काढतात.

गळा वेगळा काढण्याची गंमत निराळीच. पूर्वीची युक्ती अशी : डावा-उजवा असे दोन्ही चॅनेल घ्यायचे, त्यातला एक उलटा करायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं शून्य होतं. गायिका मधोमध असते, म्हणून ती जाते. पण बेस आणि ढोलकीही मधोमधच असतात, तेही जातात. राहतो तो गळ्याचा प्रतिध्वनी, बाई नसलेल्या खोलीत बाईचं घुमणं. आणि गाणं मोनो असेल, जशी जुनी बहुतेक आहेत, तर दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे. युक्ती केली की संपूर्ण गाणंच नाहीसं होतं. त्यातल्या त्यात तोच मिक्स मला सुसह्य वाटतो.

आता ते दिवस गेले. डीझर या गाण्यांच्या कंपनीने २०१९ मध्ये गाण्याचे भाग सुटे करणारं स्प्लीटर फुकट वाटायला काढलं, फेसबुकवाल्यांनी तसलंच डेमक्स आणलं, आणि गळा, ड्रम, बेस, बाकीचं अशी चार ताटं कुणीही घरबसल्या वाढून घेऊ लागला. ही यंत्रं शिकली ती बहुतेक पाश्चात्त्य गाण्यांवर. त्यामुळे सनई किंवा सारंगी आली की ती गोंधळतात आणि तिलाही गळा समजतात. मग मिक्समध्ये बाईबरोबर अर्धी सनई येते, कुणी बोलावलं नसताना.

आणि नावं! दर अर्ध्या मिनिटाला 'डीजे अमुक इन द मिक्स'. यंत्राच्या दृष्टीने तोही माणसाचाच आवाज, म्हणून तो गळ्याच्याच ताटात पडतो. पुढचा डीजे मूळ गाणं शोधत बसत नाही, आधीच्याच मिक्समधून गळा काढतो, त्यावर स्वतःची हलगी आणि स्वतःचं नाव चढवतो. त्याच्या पुढचा त्याच्यावर. त्या हळदीला जो 'ओरिजिनल मिक्स' वाजला त्यात तीन डीजेंची नावं होती, सातबाऱ्यावर वारस चढतात तशी. मूळ मालकीण मात्र उताऱ्यावर नाही.

प्रत्येक पिढीत फाइल पुन्हा एमपीथ्री होते आणि प्रत्येक वेळी थोडी झिजते. वर लेबल '३२० केबीपीएस'. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं ३२० मध्ये भरलं म्हणून गेलेलं परत येत नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे सुरांच्या उंचीचं चित्र, लावा. वरची पट्टी १६ हजार हर्ट्झपाशी कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसली, तर लेबल खोटं. मी हे त्या पोराला सांगितलं. त्याने "हाय गेन हाय ना पण" असं उत्तर दिलं. म्हणजे लिमिटर, आवाजाची उंची छाटणारं यंत्र, इतका दाबलेला की मुखडा आणि अंतरा, कुजबूज आणि तान, सगळं एकाच उंचीचं.

नवलाई यात काही नाही, हे मान्य. नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर ऑक्टोपॅड चढवून 'झंकार बीट्स'च्या कॅसेटी विकल्या जात होत्या आणि रिक्षा-ट्रकवाले त्याच मागत होते. त्याही आधी देवळातल्या भजनी मंडळांनी सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाला आळवून झालेलं होतं. माझा नकलेला विरोध नाही. उलट उत्तम नकलेसाठी मी वाट वाकडी करून जाईन. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, सोबतीला यंत्रमागाच्या गावातली हौशी मंडळी. घोडे परवडणार नव्हते, म्हणून डाकू सायकलवरून आले. पडद्यावर सायकली आल्या की प्रेक्षक हसतो, कारण त्याला घोडे पाठ असतात. ती नक्कल मूळ सिनेमाच्या खांद्यावर उभी आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. आमच्या हळदीत घोडे कुणी बघितलेलेच नाहीत. सायकल म्हणजेच घोडा, आणि खरा घोडा दाखवला तर 'काका, ह्याला चाकं नाहीत.'

कायदा बघावा म्हटलं, तर तोही पोराच्याच बाजूने. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ३१-सी सांगतं : नव्या गळ्यात कव्हर काढायचं तर मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबा, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरा, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत-संगीतात बदल करू नका. मूळ ध्वनिमुद्रणच कापून-चिरून मिक्स करायचं असेल तर हेही दार बंद, मालकाची परवानगी हवी. वाचून मला बरं वाटलं. पण हे सगळं मिक्स बनवणाऱ्याला. वाजवणाऱ्यासाठी कलम ५२ आहे. धार्मिक विधीत ध्वनिमुद्रण वाजवणं हा भंग नाही, आणि विधीच्या व्याख्येत लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर समारंभही बसवलेले आहेत. ही सवलत नक्की कुठवर, यावर गोव्यात हॉटेलांच्या लग्नांवरून वाद पेटला. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ते रद्द केलं. आमची हळद मात्र घरच्या अंगणात होती. उरला आवाजाचा नियम : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. ५५ डेसिबल तर आमच्या मामांच्या 'वाजव रे'मध्येच संपतात.

आजींचं गाणं शेवटी लागलं. नऊ-पन्नासला, लोक पंगतीत असताना. लागलं आणि पहिल्याच ओळीत बाई पळत सुटल्या, कारण पोराने 'सिंक' चं बटण तसंच ठेवलं होतं आणि सॉफ्टवेअरने माझी स्वच्छ फाइल इमानेइतबारे १२८ वर ओढून नेली. आजी म्हणाल्या, "हे नव्हे रे ते." एवढ्या गोंधळात एक जाणकार श्रोता सापडला, तोही पंच्याऐंशीचा.

तुमच्याकडे कार्य असेल तर ॲडव्हान्स देतानाच सांगून ठेवा. गाण्याची फाइल आपली न्यायची, पेनड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला, कारण बरेच प्लेअर दुसरं वाचत नाहीत. नाव '०१' ठेवा, म्हणजे शोधताना डीजेवाला मिक्सच्या जंगलात शिरणार नाही. सिंक बंद, टेम्पोची पट्टी शून्यावर, आणि मिक्सरवर ८० हर्ट्झखालचं कापायला सांगा, नाहीतर डग्ग्याचा प्रत्येक घुमारा त्या अठरा इंचीतून छातीत बसतो. स्वतः शेजारी उभं राहायचं, माइक आपल्या हातात घ्यायचा. आणि गाणं संपता क्षणी पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकायचा. माझा ३२ जीबीचा अजून त्याच्याकडेच आहे. फोन केला की म्हणतो, "काका, सीझन चालू हाय, जूनमध्ये बघू. आणि ते तुमचं स्लोवालं घेतलंय मिक्सला, नाव टाकू का तुमचं?"