टीडीएस मीटरला फवारणीचं औषध दिसत नाही

काटोल, नरखेड, हिंगणा, कुठल्याही ग्रुपवर जा, हा मेसेज असतोच: ‘विहिरीच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवा. आकडा ३०० च्या आत आला तर पाण्यात फवारणीचं औषध नाही. तरी शंका असेल तर उकळून प्या. बोअरवाल्यांनी चिंता करू नये.’ नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय ज्या नागपुरात आहे, तिथे हे खपतं याची गंमत वाटते.

मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. बहुतेक कीटकनाशकं वीज वाहूनच नेत नाहीत. शिवाय प्रमाण बघा. मीटरवरचा आकडा एकानं हलायला लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम क्षार लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या शंभरपट औषध उतरलं तरी आकडा जागचा हलणार नाही. आणि ६०० आला तर तो बहुधा आपल्या जड पाण्यातल्या क्षारांचा. औषधाशी त्याचा संबंध नाही.

उकळण्याचं थोडक्यात: जंतू मरतात, म्हणून उकळा. काही औषधं उष्णतेनं तुटतातही, पण बरीचशी भांड्यातच राहतात आणि पाणी मात्र आटतं.

बोअरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. क्लोरपायरिफॉस मातीला धरून बसतं, सहसा खोल जात नाही. पण मोनोक्रोटोफॉस आणि तुडतुड्यांसाठी मारतो ते इमिडाक्लोप्रिड पाण्यात चांगलं विरघळतं. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तिच्याखाली बेसाल्टच्या फटी. पहिला जोराचा पाऊस मातीतून झिरपत बसत नाही, भेगांतून थेट खाली उतरतो. त्याहून जवळचा रस्ता आपणच करतो: बोअरला ओटा नाही, केसिंगभोवतीची (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपभोवतीची) माती खचलेली, आणि तिथेच फवारणीचा पंप खंगाळून पांढुरकं पाणी ओतायचं.

मग तपासायचं कसं? एक लिटर पाणी गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत. प्लास्टिकची बिसलेरी नको, काही औषधं तिच्या भिंतीला चिकटतात. तिथे पाण्यातून औषध काढून घेऊन मास स्पेक्ट्रोमीटर या अगदी बारीक प्रमाण ओळखणाऱ्या यंत्रावर मोजतात. ग्रामपंचायतीच्या किटमधून फ्लोराइड, नायट्रेट कळतं, हे नाही. नमुना मे महिन्यात नको. फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्या.

आणि काय काय फवारलं ते लिहून द्या. २०१२ च्या त्या मानकाच्या यादीत डीडीटी आहे, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेलं एंडोसल्फान आहे, इमिडाक्लोप्रिड नाही. न मागता ते कोणी शोधणार नाही. रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असेल तर शेजारी मोजमापाची खालची मर्यादा बघा, म्हणजे ज्याच्या खालचं प्रमाण त्या तपासणीत कळत नाही तो आकडा. ती ५ मायक्रोग्रॅम असेल, तर मोनोक्रोटोफॉसबद्दल त्या कागदाला ‘सुरक्षित’ म्हणता येत नाही.