शेवटच्या धुण्याचं पाणी

सोलापुरात नळाला पाणी आलं की ताई माझा फोन अर्ध्यात ठेवते. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी भरायचं असतं. भाचा टॉवेलच्या डायिंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात आहे; तिथं टँकर येतो. परवा म्हणाला, "मामा, इथं दोनच बोलणी. उजनीहून आणखी पाणी आणा, नाहीतर डायिंगवाल्यांना सांडपाणी शुद्ध करायला आरओ बसवायला लावा."

मला त्याआधीचं विचारायचंय: रंगवलेला माल पुन्हा पुन्हा धुतात, त्यातल्या कुठल्या धुण्याचं पाणी किती घाण होतं, हे कुणी मोजलंय का?

मी मँचेस्टरला राहतो. इथल्याच यूमिस्ट या तेव्हाच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या वांग आणि स्मिथ यांनी 1994 मध्ये पाण्याचं पिंच विश्लेषण मांडलं. कुठल्या कामाला किती घाण पाणी चालतं आणि त्यात आणखी किती घाण मिसळते, याचा आलेख काढला की ताजं पाणी कमीत कमी किती लागेल ते कळतं. त्यांच्या चार प्रक्रियांच्या उदाहरणात ताशी 112.5 टनांची गरज 90 टनांवर आली, तीही शुद्धीकरणाचं यंत्र न लावता, एका कामाचं पाणी दुसऱ्याला वापरून. पवईच्या आयआयटीत प्रकाश आणि शेणॉय यांनी 2005 मध्ये याच कामासाठी सोपी रीत दिली, म्हणजे ही विद्या आपल्या घरचीही आहे.

ते उदाहरण मात्र एकाच दूषिताचं. टॉवेलच्या रंगाईत मीठ, सोडा, सुटा रंग सगळं एकत्र येतं. मरून रंगाच्या लॉटच्या शेवटच्या धुण्यात मीठ थोडंच उरतं, तेवढं पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला चालेल. पुढचा लॉट काळा असेल तर रंगही चालेल. पांढरा असेल तर तोच थोडासा रंग माल बिघडवेल. म्हणून प्रत्येक दूषिताची मर्यादा वेगळी तपासायची. जे आधी अडवेल, त्याचंच ऐकायचं.

भाचा म्हणतो, रंगाची शेड रोज बदलते आणि पाणी साठवायला टाकी नाही. खरंय. इथले, मँचेस्टरचे कारखाने तरी मोजतात कशामुळे? सांडपाण्याचं बिल मोग्डेन सूत्रानं, पाणी किती आणि घाण किती हे दोन्ही धरून येतं. पाऊस भरपूर असलेल्या गावात बिल माणसाला मोजायला लावतं. लहान डायिंगवर आपण तसं बिल लादू नये. आधी एमआयडीसीत सामायिक तपासणी आणि टाक्या द्याव्यात. आरओ त्यानंतर, उरलेल्या पाण्यापुरताच. तो लहानही पुरेल.

भाच्यानं एका मरून लॉटच्या सहा धुण्यांच्या सहा बाटल्या भरून खिडकीत मांडल्यात. फोटोत सहावी जवळजवळ नितळ दिसते. तिची तपासणी अजून व्हायचीय. बाकीचं पाणी त्याच दिवशी गटारात गेलं.